टाइमआऊट टेबलकडे मागायचा असतो, पंचाच्या कानात नाही

प्रश्न नागपुरातल्याच एका तरुण बास्केटबॉल पंचाचा आहे. शालेय स्पर्धा, १७ वर्षांखालील मुलांचा सामना, चौथा क्वार्टर, ३८ सेकंद बाकी. निळ्यांनी नुकतीच बास्केट केलेली आणि ते एका गुणाने पुढे. पिवळ्यांनी बॉल आत टाकला, त्यांचा पॉइंट गार्ड अर्धी रेषा ओलांडून पुढे आला आणि तेवढ्यात पिवळ्यांचे कोच साइडलाइनवर येऊन पंचाच्या कानाशी ओरडले, "सर, टाइमआऊट! टाइमआऊट द्या ना!" याने शिट्टी मारली, खूण केली, मुले बेंचकडे निघाली. निळ्यांचे कोच उसळले, "चालू बॉलमध्ये टाइमआऊट कोण देते?" स्कोअररच्या टेबलवरचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे कोणी मागितलाच नाही. तरी टाइमआऊट झालाच. त्यानंतर पिवळ्यांनी बास्केट केली आणि सामना जिंकला. आता त्याचे विचारणे असे: मी काय करायला हवे होते, आणि पुढच्या वेळी कोच असा कानाशी ओरडत असेल तर काय करायचे?

शिट्टी चुकली हे तुम्हाला माहीतच आहे, नाहीतर विचारले नसते. पण माझ्या मते खरी चूक शिट्टीच्या दोन सेकंद आधीची आहे. तुम्ही ऐकले, ती. टाइमआऊटच्या बाबतीत पंचाला कान नसतात. त्याला फक्त टेबलचा हॉर्न ऐकू येतो.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात हा रस्ता अगदी आखून दिलेला आहे. टाइमआऊट मागायचा अधिकार दोघांनाच, मुख्य कोच आणि पहिला सहायक कोच. त्यांनी स्कोअररशी नजरानजर करून किंवा टेबलपाशी जाऊन स्पष्ट मागायचा आणि हाताने खूण करायची. टेबलने ती मागणी धरून ठेवायची आणि संधी सुरू झाली की हॉर्न वाजवायचा. त्यानंतर पंचाने शिट्टी मारून खूण करायची, आणि तिथून एक मिनिट सुरू. या साखळीत पंच शेवटचा आहे. कोचने ती साखळी ओलांडून थेट तुम्हाला गाठले आणि तुम्ही हो म्हणालात, तर मधल्या माणसांनी जे तपासायचे ते कोणी तपासलेच नाही: संधी आहे का, टाइमआऊट शिल्लक आहे का, आधी कोणी मागितला.

तुमच्या सामन्यात तर गंमत अशी की त्या कोचला संधी मिळाली होती आणि त्याने ती पाच-सहा सेकंदांनी घालवली. बास्केट झाली की ज्यांच्यावर झाली त्या संघाला टाइमआऊटची संधी मिळते. निळ्यांची बास्केट पडली तेव्हा ती पिवळ्यांसाठी उघडली. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केटनंतर घड्याळही थांबते, म्हणजे घाईसुद्धा नव्हती. ती संधी बंद कधी होते? बॉल थ्रो-इन करणाऱ्याच्या, म्हणजे रेषेबाहेरून तो आत टाकणाऱ्याच्या, हाती आला, किंवा तो हवा तेव्हा उचलू शकेल असा झाला, की. पिवळ्यांच्या मुलाने एंडलाइनमागे बॉल उचलला त्या क्षणी दार लागले. त्यानंतर कोच टेबलपाशी जाऊन रडला असता तरी टाइमआऊट नव्हता. पुढचा डेड बॉल येईपर्यंत, म्हणजे खेळ पुन्हा थांबेपर्यंत, वाट बघायची.

बाकीच्या दोन वेळाही एकदाच सांगून टाकतो, कारण गोंधळ त्यांच्यातच होतो. बॉल डेड झाला, घड्याळ थांबले आणि पंचाचे टेबलशी बोलणे संपले, की दोन्ही संघांना संधी. 'बोलणे संपले' हे शब्द महत्त्वाचे. फाउलची खूण टेबलला देत असतानाच हॉर्न वाजला तर तो लवकर वाजला, आधी फाउल पुरता नोंदवा. आणि शेवटचा फ्री थ्रो पडला की पुन्हा दोघांनाही संधी.

फ्री थ्रोवरच सर्वाधिक भांडणे होतात. समजा दोन फ्री थ्रो आहेत, पहिल्यासाठी बॉल शूटरच्या हाती दिला, आणि मग कोचने मागितला. आता लगेच मिळणार नाही. दुसरा पडला तर टेबलने हॉर्न वाजवायचा. दुसरा चुकला आणि रिबाउंडला बॉल जिवंत झाला, तर नाही. कोच म्हणणारच, "मी कवापासून हात दाखवून राहिलो!" त्याचे खरे असते, हात त्याने दाखवलेलाच असतो. पण दाखवला तेव्हा दार बंद होते. अपवाद एकच लक्षात ठेवा: फ्री थ्रोनंतर थ्रो-इनच ठरलेला असेल, जसे अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाला न शोभणाऱ्या) फाउलनंतर असतो, तर शेवटचा चुकला तरी टाइमआऊट द्यायचा, कारण बॉल जिवंत होतच नाही.

आता तुमच्या शिट्टीकडे. समजा शिट्टी गेली आणि पुढच्याच क्षणी तुम्हाला कळले. मी काय केले असते? हात वर करून दोन्ही संघांना जागेवर थांबवले असते, सहकारी पंचाकडे गेलो असतो, आणि टाइमआऊट न देता सामना लगेच सुरू केला असता. पिवळ्यांचाच बॉल, जिथे खेळ थांबला त्याच्या जवळच्या जागेवरून थ्रो-इन, आणि शॉट क्लॉक (शॉट घ्यायला मिळणाऱ्या वेळेचे घड्याळ) जिथे थांबले तिथूनच पुढे. इथे कोणीतरी म्हणेल, शिट्टीने बॉल डेड झाला, घड्याळ थांबले, म्हणजे संधी उघडलीच की. हा युक्तिवाद मी कितीतरी कोचांकडून ऐकला आहे. तो मान्य केला तर प्रत्येक कोच ओरडून पंचाची शिट्टी काढेल आणि त्या शिट्टीवर टाइमआऊट खाईल. उशिरा आलेली मागणी चुकीच्या शिट्टीने वेळेवर येत नाही.

मात्र तुम्ही एक मिनिट जाऊ दिले आणि बॉल पुन्हा जिवंत झाला, तिथे विषय संपला. नियमात दुरुस्त करता येणाऱ्या चुकांची यादी आहे, ती फ्री थ्रो आणि गुणांपुरती आहे. चुकून दिलेला टाइमआऊट तिच्यात नाही. निकाल तोच राहतो.

तुम्हाला हे सारे सांगणारा मीही दुधाने धुतलेला नाही. पंचगिरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, उन्हाळी स्पर्धेत, उघड्या सिमेंटच्या कोर्टवर मी नेमके हेच केले होते. मे महिना, दिवसा पारा ४५ च्या आसपास, म्हणून सामने संध्याकाळी दिव्याखाली. रात्री आठलाही सिमेंट तव्यासारखे. दोन्ही संघ धापा टाकत होते आणि वयाने मोठे, सगळा गाव ज्यांना 'सर' म्हणतो असे कोच माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे बाबा, पोरं मरून राहिली, दे ना एक टाइमआऊट." मी दिला. त्यांचे टाइमआऊट संपले होते. टेबलने मान हलवली तोवर त्यांची मुले पाणी पीत बसली होती. समोरच्या कोचने मला शिवी दिली नाही, नुसता हसला. ते हसणे मला शिवीपेक्षा जास्त लागले. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली: कोचने माझ्याकडे टाइमआऊट मागितला की चेहरा न बदलता, उघडा तळवा टेबलच्या दिशेने. बोलायचे असेल तर दोनच शब्द, "सर, टेबल." आणि लगेच नजर परत खेळाकडे.

नजर परत खेळाकडे, हे फार महत्त्वाचे. कोच ओरडतो तेव्हा तुम्ही त्याच्याकडे मान वळवता आणि त्याच दीड सेकंदात पोस्टमध्ये, बास्केटजवळच्या गर्दीत, कोपर बसतो. तुमच्या ३८ सेकंदांत काय सुटले असेल कुणास ठाऊक.

आपल्याकडे कोच पंचाकडेच का मागतात, याचे उत्तर सामन्याआधीच्या पंधरा मिनिटांत सापडते. पुस्तकात टेबलवर स्कोअरर, सहायक स्कोअरर, टायमर, शॉट क्लॉक ऑपरेटर असे चार जण. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात मोठी स्पर्धा असली तर ते चौघे दिसतात. गल्लीतल्या स्पर्धेत एक मुलगी स्कोअरशीट भरते आणि एक मुलगा मोबाइलवर स्टॉपवॉच लावतो, शॉट क्लॉक नावाची वस्तूच नसते, आणि हॉर्न म्हणजे एखादी शिट्टी. त्यांच्या डोळ्यांसमोर खेळ असतो, बेंच नसतो. कोच पाच वेळा हात हलवतो, टेबल बघत नाही, मग तो पंचाला गाठतो. तेव्हा दोष त्याच्या एकट्याचा नाही.

म्हणून मी सामना सुरू व्हायच्या आधी टेबलपाशी जाऊन बसतो. उभ्याने सूचना दिल्या की मुले माना डोलावतात आणि विसरतात. बसून विचारतो: बास्केट झाली आणि कोचने मागितलेला आहे, तर काय करणार? बरोबर उत्तर असे की टायमरने घड्याळ लगेच थांबवायचे आणि हॉर्न वाजवायचा, बॉल एंडलाइनमागे उचलला जाण्याआधी. दहापैकी सात वेळा उत्तर येते, "तुम्हाला सांगणार." मग समजावतो, मला सांगायला वेळ नाही, वाजवा. दुसरे सांगतो: डेड बॉल झाला की आधी एकदा दोन्ही बेंचकडे बघा, मग शीटकडे. तिसरे: चुकून वाजवला तर घाबरू नका, मी सांभाळतो. हे तिसरे वाक्य सर्वांत उपयोगाचे. टेबलवरचा मुलगा घाबरट असेल तर तो हॉर्न वाजवणारच नाही, आणि न वाजलेला हॉर्न हीच सगळ्या कटकटीची मुळी.

मग दोन्ही कोचांकडे. "सर, टाइमआऊट टेबलकडे मागा, हात स्पष्ट दाखवा. सहायकाने मागितला तरी चालेल, पण पहिल्या सहायकानेच." हस्तांदोलन करताना इतके सांगितले की अर्धे काम होते. टी-शर्ट घातलेला मॅनेजर, पालक, टॉवेलवाला पोरगा यांची मागणी टेबलने घ्यायची नाही, हेही त्यांच्यासमोरच सांगतो.

खेळाडूंनीही नाही. पोरे मोबाइलवर एनबीए बघतात, तिथे बॉल हातात असलेला खेळाडू स्वतः टाइमआऊट घेऊ शकतो, म्हणून आपला पॉइंट गार्डही दोन बचावपटूंत अडकला की तुमच्याकडे बघून टी करतो. फिबाच्या पाच-पाचच्या खेळात ती खूण म्हणजे निव्वळ व्यायाम. मी मुलांना १९९३ ची गोष्ट सांगतो. अमेरिकन विद्यापीठांचा अंतिम सामना, मिशिगन दोन गुणांनी मागे, ११ सेकंद बाकी, आणि ख्रिस वेबरने संघाकडे शिल्लक नसलेला टाइमआऊट मागितला. त्यांच्या नियमाने टेक्निकल फाउल (धक्क्याचा नव्हे, वागणुकीचा किंवा नियमभंगाचा), नॉर्थ कॅरोलायना ७७-७१ ने जिंकले. आपल्याकडे खेळाडूला तो अधिकारच नाही, त्यामुळे ती वेळ येत नाही. अपवाद थ्री-बाय-थ्रीचा, म्हणजे तिघा-तिघांच्या खेळाचा. तिथे बेंचवर कोच नसतो, प्रत्येक संघाला ३० सेकंदांचा एकच टाइमआऊट असतो आणि बॉल डेड असताना खेळाडूच तो मागतात. एकाच आठवड्यात दोन्ही प्रकारांना शिट्टी मारणार असाल तर सकाळी स्वतःला बजावून घ्या, मी कितीदा तरी गोंधळलो आहे.

खुणेबद्दलही एक बारीक गोष्ट. टाइमआऊटला एका तळव्याखाली दुसऱ्या हाताचे बोट उभे करून टी होतो. टेक्निकल फाउलला दोन्ही तळव्यांचा. दुरून दोन्ही सारखेच दिसतात. रागावलेल्या कोचकडे बघत घाईत टाइमआऊटची खूण केली तर त्याला वाटते टेक्निकल दिला, आणि मग तो जे बोलतो त्यावर खरेच द्यावा लागतो. बोट दिसू द्या, आणि लगेच दुसऱ्या हाताने कोणत्या बेंचचा ते दाखवा.

हिशेब टेबलचा असतो, पण पंचाच्या डोक्यातही असावा. पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन, प्रत्येक ओव्हरटाइमला एक. उरलेला पुढे नेता येत नाही. दुसऱ्या हाफच्या तिनांपैकी शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच. तिन्ही साठवून ठेवणारा कोच प्रत्येक स्पर्धेत एक तरी असतो. चौथ्या क्वार्टरचे घड्याळ २:०० वर आले की त्याचा एक आपोआप मेला, स्कोअररने स्कोअरशीटच्या त्या चौकटीत दोन आडव्या रेघा मारायच्या. मग कोच म्हणतो, माझे तीन होते. आधी सांगणे पंचाचे कर्तव्य नाही. तरीही मी सांगतो, दोन-अडीच मिनिटे असताना डेड बॉलला सहज, दोन्ही बेंचला सारखेच: "सर, दोनच्या आत दोनच." काही ज्येष्ठ पंचांना हे आवडत नाही, त्यांच्या मते ही कोचिंग झाली. मला ती माहिती वाटते. मात्र एकाला सांगून दुसऱ्याला विसरलात तर त्यांचे म्हणणे बरोबर ठरेल. टाइमआऊट पुरते संपले की स्कोअररने पंचाला सांगायचे, ते मात्र नियमातच आहे.

टाइमआऊटच्या नोंदीत नेहमी होणारी चूक म्हणजे घड्याळावर ३:२० उरले असताना चौकटीत ३ लिहिणे. लिहायचे कितवे मिनिट चालू आहे ते. दहा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये ६:४० झाली, म्हणजे सातवे, ७ लिहा.

शेवटच्या दोन मिनिटांतली दुसरी पाचर म्हणजे बास्केट करणाऱ्या संघाचा कोच. घड्याळ थांबलेले बघून तोही मागतो. त्याला मिळत नाही. समोरच्यांनी टाइमआऊट घेतला किंवा पंचाने दुसऱ्या कारणाने खेळ थांबवला तरच. हे त्याला चिडल्यावर समजत नाही, म्हणून तळवा टेबलकडे, आणि टेबलला माहीत हवे की वाजवायचा नाही. दोघांनीही मागितला असेल तर ज्याने आधी मागितला त्याच्या खात्यात जातो. पण बास्केटनंतर दिलेला असेल तर ज्यांच्यावर बास्केट झाली त्यांच्या. कोचला मागणी मागे घेता येते, हॉर्न वाजेपर्यंत. वाजल्यावर "नको, नको" म्हणणाऱ्याला टाइमआऊट घ्यावाच लागतो.

तुमच्या पिवळ्या कोचने वेळेवर मागितला असता तर त्याला आणखी एक गोष्ट मिळाली असती. शेवटच्या दोन मिनिटांत आपल्या बॅककोर्टमधून (स्वतःच्या बास्केटकडच्या अर्ध्यातून) थ्रो-इन असलेल्या संघाने टाइमआऊट घेतला, तर बॉल तिथूनच आत टाकायचा की समोरच्या अर्ध्यातल्या थ्रो-इन रेषेवरून, हे त्यांचा मुख्य कोच ठरवतो. पुढे नेला तर त्यांच्या शॉट क्लॉकवर १४ सेकंद आले असते. ही रेषा टेबलच्या समोरच्या बाजूला, एंडलाइनच्या आतल्या कडेपासून ८.३२५ मीटरवर असते. आपल्या कितीतरी सिमेंटच्या कोर्टांवर ती रंगवलेलीच नसते. माझ्या बॅगेत खडू आणि टेप असतो, सामन्याआधी मापून ओढून ठेवतो. निर्णय मिनिट संपल्यावर कोचच्या तोंडून ऐकून घ्या, आणि समोरच्या कोचलाही कळू द्या.

ते एक मिनिट पंचासाठी विश्रांतीचे नाही. मी सहकाऱ्याला चार गोष्टी मोठ्याने म्हणून दाखवतो: बॉल कोणाचा, कुठून, शॉट क्लॉकवर किती, टीम फाउल किती. ५० सेकंदांना टेबलचा हॉर्न झाला की बेंचकडे हात. मुले लगेच उठत नाहीत, कोचचे शेवटचे वाक्य नेहमी तिसऱ्यांदा चाललेले असते. पहिल्या वेळी हसून, दुसऱ्या वेळी ताकीद. मुद्दाम वेळ खाणे सुरूच राहिले तर टेक्निकलचा रस्ता आहे, पण शाळेच्या मुलांच्या सामन्यात मला तो क्वचितच वापरावा लागला. कोर्टवर परत आल्यावर डोकी मोजा. चार किंवा सहा निघतात, विश्वास ठेवा.

उरला तुमच्या कानाशी ओरडणारा. पहिल्यांदा तळवा. दुसऱ्यांदा पुढच्या डेड बॉलला जवळ जाऊन हळू आवाजात, "सर, मी टाइमआऊट देऊ शकत नाही, टेबल देते. मला खेळ बघू द्या." तिसऱ्यांदा तो कोर्टात पाय टाकून आला तर ताकीद, आणि तरीही तेच, तर टेक्निकल. समोरच्यांना एक फ्री थ्रो, मग खेळ जिथे थांबला तिथून. हे आवाज न चढवता करा. ओरडणाऱ्याला ओरडून उत्तर दिले तर गॅलरीतली पोरे त्याचीच बाजू घेतात.

निळ्यांच्या कोचकडे जायचे का, असेही तुम्ही विचारले होते. जा. निकालावर बोलू नका, तो बदलणार नाही. "सर, ती शिट्टी माझी चूक होती, बॉल चालू होता" एवढेच सांगा आणि तो जे बोलेल ते उभे राहून ऐकून घ्या. पिवळ्यांच्या कोचला वेगळे काही सांगायची गरज नाही. पुढच्या सामन्याला त्याच्याशी हस्तांदोलन करताना टेबलकडे बोट दाखवा.